आठ व्हॉल्व्हची वाटणी

संध्याकाळी पावणेसहाला मी प्रीअँपचं बटण दाबतो आणि गप्प बसून राहतो. लगेच काही होत नाही. ज्याले घाई असन त्यानं मोबाइलवर ऐकावं, बाप्पा. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. आधी काचेच्या आत, पार तळाशी, एक नारिंगी ठिपका उमटतो, हळूहळू वर चढतो, आणि मग स्पीकरमधून इतका बारीक श्वास येतो की तो ऐकू आला की नुसता वाटला, हे मला आजवर सांगता आलेलं नाही. अमरावतीच्या घराची ही मागची खोली, खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं एकुलतं संत्र्याचं झाड, कुठंतरी कुणी अंगणात सडा टाकतंय. त्या अर्ध्या मिनिटात मी छप्पन वर्षांचा नसतो. कितीचा असतो तेही ठाऊक नसतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तबकडीच्या सुईतून येणारा आवाज चिमूटभर असतो. तो वाढवून मोठ्या अँप्लिफायरच्या हवाली करते ती पेटी म्हणजे प्रीअँप. माझ्या पेटीत हे काम काचेचे दोन व्हॉल्व्ह करतात, जुन्या रेडिओत असायचे तसले, अंगठ्याएवढे. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. दोघांची ताकद सारखी असली तर गाणारी बाई बरोबर मधोमध बसते आणि तंबोरा तिच्या दोन्ही खांद्यांमागून वाजतो. डोळे मिटले की ती बाई समोर दिसते. तिची बसायची जागासुद्धा दाखवता येईल, इतकी.

मागच्या पावसाळ्यात ती बाई सरकायला लागली. आधी वाटलं माझाच भास. मग दसऱ्यापर्यंत ती पार उजवीकडे, पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन बसली, आणि डावीकडे तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखी चुरचुर सुरू झाली. डावा व्हॉल्व्ह थकला होता. उजवाही काही फार तरणा उरला नव्हता. बायकोला बोलावून म्हटलं, ऐक, डावीकडून काही येतंय का.

ती पदराला हात पुसत आली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "तुमच्या कानात मळ असन. आधी तो काढा, मंग मशीनले नावं ठेवा."

मी कान साफ करून घेतले. हो, खरंच घेतले. चुरचुर होती तिथंच.

मग नवे व्हॉल्व्ह निवडायचं सुरू झालं. लोकांना वाटतं बल्ब बदलण्यासारखं आहे, जुना काढला, नवा लावला. तसं असतं तर मी दोन महिने घरच्यांचं डोकं कशाला खाल्लं असतं? नंबर एकच असला, पाय नऊच असले, तरी दर कारखान्याचा व्हॉल्व्ह वेगळा बोलतो. पहिली जोडी मागवली ती रशियाची. कुरिअरवाल्यानं गेटवरूनच खोकं हलवून विचारलं, "काय हाये सर, बांगड्या?" मी धावत जाऊन खोकं त्याच्या हातातून काढून घेतलं. आवाज स्वच्छ होता, पण नव्या मास्तरानं पहिल्या दिवशी हजेरी घ्यावी तसा. बाई प्रत्येक सूर नीट उच्चारून मोकळी होत होती, रमत नव्हती. म्हटलं, नवा आहे, वीस तास तापू दे. वीस तास तापवला. हजेरीच चालू राहिली.

दुसरी जोडी चिनी, स्वस्तातली. ती आठवडाभर छान वाजली. मी खूश होऊन बायकोला म्हटलं, बघ, उगाच लोक नावं ठेवतात. आठव्या दिवशी खोलीतून चालताना स्पीकरमधून टण्ण झालं. थांबलो, थांबलं. चाललो, टण्ण. व्हॉल्व्हच्या आतली जाळी सैल असली की तो पावलांचा आवाजसुद्धा उचलतो. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं काचेवर हलकेच टिचकी मारायची, चांगला असेल तर नुसतं टक ऐकू येतं. हा देवळातल्या घंटेवाणी वाजत राहिला. तिसरी जोडी युरोपातली, बरीच महाग. ती गोड होती. नुसती गोड. सगळ्या गाण्यावर पाक ओतल्यासारखा, तंबोऱ्याची खर्जाची तार तर दिसेनाशीच झाली. मी तबकडी मधेच उचलली आणि पेटी बंद केली.

निवड कशी करायची ते एव्हाना मला पाठ झालं होतं. उजेडाकडे पाहायचं नाही, जास्त उजळतो तो चांगला असं मुळीच नसतं. काचेवरची अक्षरं पाहायची नाहीत. बाईच्या गळ्यालासुद्धा आधी भुलायचं नाही. आधी तंबोरा ऐकायचा, आणि त्यातही शेवटची खर्जाची तार सुटल्यावर जे गुंजन मागे राहतं ते दोन्ही बाजूंनी एकाच वेळी विझतं का, ते पाहायचं. हे मला कुणी शिकवलं, ते दोन महिन्यांत मी घरात एकदाही तोंडावर आणलं नाही. बायकोला ठाऊक होतं. तीही गप्प होती, आणि ती गप्प असली की मला जास्त राग येतो.

हे मला दादानं शिकवलं. माझा थोरला भाऊ. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन अकोल्यात असतो. आठ वर्षं आम्ही बोलत नव्हतो. लग्नाकार्यात समोर आलो तर "कवा आला?" "आताच." एवढंच. तेही लोक पाहतात म्हणून.

मी कॉलेजात होतो आणि तो नोकरीत नवा होता, तेव्हाची गोष्ट. अकोल्यातले एक रेडिओवाले काका जुने व्हॉल्व्ह काढून टाकत होते. सगळीकडे टेपरेकॉर्डर आले होते, व्हॉल्व्हला कुत्रं विचारत नव्हतं. दादानं चाळीस व्हॉल्व्ह बुटांच्या खोक्यात भरून आणले. अख्ख्या उन्हाळ्यातले शनिवार-रविवार आम्ही याच मागच्या खोलीत काढले. बाहेर लू चालायची, खिडकीला वाळ्याचा पडदा, मी त्याच्यावर पाणी मारायचो आणि दादा एकेक व्हॉल्व्ह लावून ऐकायचा. डोळे मिटून. मधेच बोट वर करायचा, म्हणजे मी श्वाससुद्धा घ्यायचा नाही. त्या चाळीसातून त्यानं आठ ठेवले. आठांच्या चार जोड्या. वहिनी तेव्हा नवी नवरी, तिची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली आणि प्रत्येक जोडीवर ठिपके दिले. पहिल्या जोडीवर एकेक ठिपका, दुसरीवर दोन-दोन, असे चारपर्यंत. मग त्यानं डाग देऊन आणि मी पत्र्याला भोकं पाडून दोन प्रीअँप बनवले, एक त्याचा, एक माझा. हुबेहूब एक. त्याच्या अकोल्याच्या क्वार्टरमध्ये जागा नव्हती, म्हणून दोन्ही पेट्या इथंच राहिल्या आणि तो शनिवारी यायचा, तेवढ्याच दिवशी त्या वाजायच्या. शनिवार म्हटला की मला अजून तो ओल्या वाळ्याचा वास येतो. दुपारी झोपेत येतो, जागेपणी येतो. मी त्या खोलीतून कधी बाहेर पडलोच नाही की काय, असं वाटतं.

मग बाबा गेले, बऱ्याच वर्षांनी आई गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं आणि वाटणीला थोरले मामा आले. दर्यापूरकडची शेती, हे घर, भांडीकुंडी. शेतीचं कागदावर मिटलं. घरातल्या सामानाच्या वेळी माझी जीभ घसरली. आईचं शेवटचं सगळं मी आणि बायकोनं केलं होतं, ते डोक्यात होतं. मी सगळ्यांसमोर दादाला म्हणालो, "तू पाहुण्यावाणी येत होता, आता पाहुण्यावाणीच घे न् जाय."

त्याचा चेहरा मला आजही दिसतो आणि माझीच मला लाज वाटते.

आमच्याकडे वाटणीचा रिवाज कडक. वस्तू दोन असल्या की एक तुले, एक त्याले. पाण्याचे पितळी गुंड दोन, एक तुले, एक त्याले. परात, समई, चटया. आमच्याच गावच्या दोघा भावांनी आजोबांच्या काळात बैलजोडी अशीच वाटली होती, एक बैल याच्या गोठ्यात, एक त्याच्या. मग दर पेरणीला दोघंही जोडीदार बैल मागत गावभर हिंडायचे. ती गोष्ट सांगून आम्ही पोट धरून हसायचो. त्या दिवशी मामांनी चटईवर दोन पेट्या मांडल्या, एक त्याला, एक मला. प्रवासात काच फुटू नये म्हणून मीच त्यातले व्हॉल्व्ह उपसून ठेवले होते. बाकीचे चार बिस्किटाच्या डब्यात होते. मामांनी आठही ओळीनं लावले, ठिपक्यांप्रमाणे, कारण त्यांना वाटलं तो काही नंबर आहे. आणि पत्ते वाटावेत तसे वाटायला लागले. हा तुले. हा त्याले. एक ठिपक्याचा एक दादाकडे, एक माझ्याकडे. दोन ठिपक्यांचा एक दादाकडे, एक माझ्याकडे.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. "मामा, या जोड्या हायेत," एवढं म्हटलं असतं तर झालं होतं. चार शब्द. मी बोललो नाही, कारण मला वाटलं, तो थोरला आहे, बोलू दे त्याला. तोही बोलला नाही. आठवा व्हॉल्व्ह माझ्यापुढे ठेवून मामा म्हणाले, "झालं बावा, कोणाचं जास्ती नाई न् कोणाचं कमी नाई."

दादा त्याच संध्याकाळी त्याची पेटी उचलून, त्याचे चार रुमालात बांधून निघून गेला. पुढची आठ वर्षं मी मनाशी एकच धरून बसलो: मामा प्रत्येक वेळी पहिला त्याच्यापुढे ठेवत होते, म्हणजे प्रत्येक जोडीतला सरस त्याच्याकडे गेला. तो तिकडे अकोल्यात आरामात ऐकत बसला असेल. मी इकडे चार एकटे व्हॉल्व्ह घेऊन बसलो. चारातून दोन निवडायचे तर सहा प्रकार होतात, मी गणिताचा मास्तर आहे, आठ वर्षांत सहाही प्रकार लावून झिजवले. रोज संध्याकाळी. कोणत्याच दोघांचं कधी पुरतं जमलं नाही, पण चालत होतं. राग माणसाला ऐकायला बसवतो, हे तुम्हाला पटणार नाही, पण बसवतो.

तिसरी जोडी परत खोक्यात घातली त्या संध्याकाळी बायको दारात उभी होती. म्हणाली, "तुमाले व्हॉल्व्ह नाई पायजे. तुमाले तुमचा भाऊ पायजे. इतकी वर्सं पाहून राहिली मी. कायले स्वतःले फसवून राहिले?"

मी जेवलो नाही. ताटावरून उठलो म्हणजे पुरुषासारखा उठलो असं मला वाटलं. रात्रभर पोटात कावळे ओरडत होते.

नाताळच्या सुटीत मी अकोल्याला निघालो. दादाकडे नाही, असं बायकोला आणि स्वतःला बजावून. रेडिओवाल्या काकांकडे व्हॉल्व्ह तपासायचं जुनं मशीन आहे, दोन जिल्ह्यांत तेवढं एकच, म्हणून. माझे चार व्हॉल्व्ह मी घरच्या कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि डबा मांडीवर घेऊन लाल बसच्या खिडकीत बसलो. बडनेरा गेलं. सकाळचं धुकं अजून शेतांवर होतं, तुरी पिवळ्या झालेल्या, मधेच कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची काळी उभी रानं. मूर्तिजापूरच्या अलीकडे डोळा लागला. अर्धवट झोपेत डबा गरम लागत होता. म्हटलं, आतमध्ये पेटले की काय. जागा झालो तर मांडीवर ऊन आलं होतं. कुणाशी तरी बोलत होतो मी झोपेत, पण काय बोलत होतो ते आठवेना. शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमी कोणाले तरी थांब थांब म्हणून राहिले होते."

काकांचं दुकान म्हणजे आता दुकान उरलेलं नाही, घराची पुढची खोली आहे. काका ऐंशीच्या पुढे. कानटोपी, मफलर, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. मला पाहिल्या पाहिल्या म्हणाले, "या धाकटे. उशीर केला."

"कशाले उशीर, काका?"

"मोठा दिवाळीच्या आधी येऊन गेला." त्यांनी खालच्या खणातून एक पाकीट काढलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार व्हॉल्व्ह. एक ठिपका, दोन, तीन, चार. "मले म्हणे, या चौघायची जोड भेटली त कळवा. म्या म्हटलं, बावा, यायची जोड बजारात नाई, अमरावतीत हाये. त त्यानं पाकीट तेवढं पुढं सारलं. ठेवून गेला."

मी स्टुलावर बसलो. आठही व्हॉल्व्ह एका टेबलावर होते. त्या चटईनंतर पहिल्यांदा.

काकांनी मशीन लावलं. आधी माझे. व्हॉल्व्ह तापतो, मग काटा हळूहळू उठतो. चांगला असेल तर हिरव्या पट्ट्यात जातो, थकला असेल तर पिवळ्यात, मेला असेल तर तांबड्यात. माझा एक ठिपक्याचा पिवळ्यात जेमतेम पोचला. दोनचा तांबड्याच्या काठावर. तीन आणि चार पिवळ्यात. काका मान हलवत होते. "लय वाजवले बे तुमी."

मग त्यांनी दादाचा एक ठिपक्याचा लावला. मी काट्याकडे रागानंच पाहत होतो, सरस निघणार हे मला ठाऊकच होतं. काटा उठला आणि हिरव्या पट्ट्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन टेकला. दुसरा, तसाच. तिसरा. चौथा. काकांनी भिंग डोळ्याला लावून व्हॉल्व्हचे पाय पाहिले, मग भिंग माझ्या हातात दिलं.

"पाहा. तुमच्याचे पाय घासून कसे चमकून राहिले. आन् यायच्यावर काळी साय धरली, एकसारखी. एक बी नवा ओरखडा नाई. इतक्या वर्सांत हे सॉकेटात एक डाव बी गेले नाई."

मी भिंगातून पाहत राहिलो. नऊ पाय, नऊही काळे. मला ते दिसेनासे झाले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि भिंगातून पाणी फार मोठं दिसतं. दादानं ऐकलंच नव्हतं. आठ वर्षं. मी ज्याच्यावर जळत होतो तो माणूस आरामात ऐकत बसलेलाच नव्हता. त्यानं जोडीतला एकटा व्हॉल्व्ह लावूनच पाहिला नव्हता. मी निदान रोज संध्याकाळी दिवा लावल्यासारखा तो नारिंगी ठिपका तरी पाहत होतो. त्यानं काय पाहिलं असेल शनिवारी?

"मंग आता लावा जोड्या," मी म्हणालो. "आठही आले नं."

काकांनी दोन एक ठिपकेवाले शेजारी शेजारी ठेवले. "जोड्या कुठी राहिल्या आता? एक झिजला, एक तसाच कोरा. तवा जुळे होते. आता बाप-लेक वाटतात."

हे मला सुचलंच नव्हतं. गणिताच्या मास्तराला! दोन महिने मी एवढंच घोकत होतो की याची जोड तिकडे आहे, गेलो की जुळली. जोड होती तशी राहीलच असं धरून चाललो होतो.

काका म्हणाले, मोठ्याचे ठेवू का परत खणात. मी म्हटलं नाही, द्या. त्यांनी विचारलंही नाही की कुठं नेता. "घरचंच हाये तुमच्या," म्हणाले आणि आठही माझ्या कापसात नीट बसवून दिले. ऑटोवाल्याला दादाचा पत्ता सांगताना माझी जीभ अडखळली. आठ वर्षांत मी तो पत्ता एकदाही तोंडानं उच्चारला नव्हता.

दुपारचे दोन वाजले असतील. दादा अंगणात उन्हाला पाठ देऊन बसला होता, पुढ्यात सुपात ओल्या तुरीच्या शेंगा. सोलत होता. केस पार पांढरे. मी फाटक लोटलं तसं त्यानं वर पाहिलं, आणि मग परत शेंगेकडे पाहिलं. ये नाही, बस नाही. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, सुपातल्या मूठभर शेंगा ओढल्या आणि सोलायला लागलो. वहिनी दारात आल्या, तोंडाला पदर लावला, आणि तशाच आत गेल्या.

अर्धं सूप सोलून झालं. मग तो म्हणाला, "कवा आला?"

"आताच." आणि मग मला ते सहन होईना. "दादा, आठही घेऊन आलो."

त्याचे हात थांबले.

"त्या दिवशी म्या बोलाले पायजे होतं," मी म्हणालो. "मले माहीत होतं जोड्या हायेत म्हणून."

"मले नोतं माहीत? ठिपके कोणं देल्ले होते?" तो शेंगेकडे पाहूनच बोलत होता. "मी थोरला होतो. मामाचा हात धराचा होता. मी पाहत बसलो, का हा बोलते का."

"पाहुण्यावाणी म्हणालो, ते चुकलं माह्यं."

"चुकलं नाई. खरं होतं." त्यानं सोललेले दाणे वाटीत टाकले. "आई पडून होती न् मी शनिवारी येऊन गाणं ऐकून जात होतो. खरं होतं म्हणून त लागलं रे."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

त्याची पेटी आतल्या खोलीत होती, प्लेयर, अँप्लिफायर, स्पीकर, सगळं एका चादरीखाली. वहिनींनी चादर काढली तशी धूळ उन्हात उडाली. आता लावायचे कोणते? मी म्हटलं, तुझे कोरे लाव, तीन आणि चार ठिपक्यांचे, त्यांचे काटे जवळजवळ आहेत. हिशेबानं तेच बरोबर होतं. दादानं आठही ओळीनं मांडले, मांडून बराच वेळ पाहिले, आणि मान हलवली. एक ठिपक्याचे दोन उचलले. माझा पिवळा आणि त्याचा कोरा.

"हे नाई जमणार, दादा. काका म्हणाले."

"जमू नाई जमो. एक तुह्या, एक माह्या." माझा त्यानं डाव्या सॉकेटात बसवला, त्याचा उजव्या. बटण दाबलं. ते अर्धं मिनिट मी यापूर्वी कधी इतकं लांब पाहिलं नव्हतं. डावीकडचा नारिंगी ठिपका लवकर आला, उजवीकडचा सावकाश, दचकत दचकत, आठ वर्षांनी. पहिली हाती लागली ती तबकडी त्यानं ठेवली. तंबोरा सुरू झाला. उजवीकडून भरभरून, डावीकडून थकलेला. बाई गायला लागली ती सगळीच्या सगळी उजवीकडे झुकलेली. चुरचुर होतीच. दोन्ही बाजू सारख्या करायचं बटण असतं, ते या पेटीला नाही, आम्ही तरुणपणी ते लावणं कमीपणाचं समजलो होतो.

मी दिवाणावर मधोमध बसलो होतो. दादा पलीकडच्या खुर्चीत, डोळे मिटून. मला वाटलं आता बोट वर करेल आणि म्हणेल, काढ. त्यानं डोळे उघडले, उठला, येऊन माझ्याशेजारी दिवाणावर बसला आणि म्हणाला, "डावीकडं सरक."

मी सरकलो. तो माझ्यामागून सरकला. डोकं तिरपं करून ऐकलं. "अजून."

"किती?"

"सरक त खरं."

थकलेल्या स्पीकरच्या जवळ जावं तसा तो कानाला मोठा लागतो आणि लांबचा लहान. मी दिवाणाच्या टोकाला गेलो, खांदा भिंतीला लागला. पुढं जागा नव्हती. दादा माझ्याशी पार खेटून बसला, लहानपणी बैलांच्या खाचरात दाटीवाटीनं बसायचो तसा. त्याच्या स्वेटरला फिनाइलच्या गोळ्यांचा वास होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, म्हातारा श्वास. आणि मग बाई हळूहळू उठली आणि आमच्या दोघांसमोर मधोमध येऊन बसली. त्या खोलीत तेवढ्या एका जागेवरून ती मधे दिसत होती, दुसरीकडून कुठूनच नाही, आणि ती जागा जेमतेम एका माणसाची होती.

"आली," दादा म्हणाला.

मी मान हलवली. तबकडीची ती बाजू संपली, सुई आतल्या गोलात खसखसत राहिली, वहिनी चहा घेऊन दारात येऊन परत गेल्या, तरी आम्ही दोघंही तिथून हललो नाही.